रिकाम्या तारखा

ता. ९ जून

प्रिय लंबू,
सप्रेम नमस्कार.

पाकीट कोणाचं म्हणून उलटंसुलटं करून पाहिलं असशील. पाहू नकोस, मीच आहे, टिंगू. बावीस वर्षांनी लिहितोय, तेव्हा अक्षर ओळखू आलं नाही तरी राग नाही. वहिनींना नमस्कार. माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, साखर थोडी वर असते, आणि बायको म्हणते डोकंही हल्ली जागेवर नाही. तिचं मी सहसा ऐकत नाही, पण या खेपेला तिचं खरं असावं.

आधी बातमी. तुझी लेक आमच्याकडे आहे. आमच्याकडे म्हणजे घरी नव्हे, ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, आपल्याच खोलीत. तिने तुला सांगितलंय असं ती म्हणते. तू काय म्हणालास विचारलं तर म्हणते, "काहीच नाही, बाबा ताटावरून उठले."

हे सगळं कसं झालं ते मलाच नीट कळलेलं नाही. जमेल तसं सांगतो.

आपल्या विभागात आता अकरा माणसं उरलीत. त्यातली सात दोन वर्षांत निवृत्त होणार, आणि दोघं असे आहेत की ते आत्ताच निवृत्त झाल्यासारखे बसतात. पेन्शनीचं सगळं काम मात्र अजून त्याच जुन्या मेनफ्रेमवर, त्या कपाटाएवढ्या संगणकावर चालतंय. ते बदलायचं म्हणून तीन समित्या नेमल्या. समित्या निवृत्त झाल्या, यंत्र आहे तिथेच आहे. मग वरच्यांची झोप उडाली. उद्या ही म्हातारी मंडळी गेली की याला हात कोण लावणार? तेव्हा फर्मान निघालं, तरुण पोरं आणा.

आता तरुण पोरं काय झाडाला लागतात? आमचा नवा साहेब, ज्याला आम्ही मागून 'टाय' म्हणतो, त्याने पोस्टर छापून घेतली. पोस्टरवर एक देखणा पोरगा मोटारसायकलवर बसलाय, केस वाऱ्यावर उडतायत, आणि खाली लिहिलंय, 'मेनफ्रेम: तुमची पुढची झेप'. मी विचारलं, साहेब, या मोटारसायकलचा आपल्याशी संबंध काय? तो म्हणाला, "सर, व्हाइब." घरी येऊन नातीला विचारलं व्हाइब म्हणजे काय, तर तिलाही धड सांगता आलं नाही.

मग आम्हाला कॉलेजच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसवलं. शेजारच्या टेबलावर कुठल्याशा कंपनीने यंत्राचा कुत्रा आणला होता. तो पाय वर करून शेकहँड करायचा. आमच्या टेबलावर मी. माझ्यामागे पडद्यावर ती काळ्यावर हिरवी अक्षरं. चार पोरांनी फोटो काढले, त्यांना मी हॅकर वाटलो. एकाने विचारलं, "काका, हे अजून चालू आहे?" मला कळेना, तो यंत्राबद्दल विचारतोय की माझ्याबद्दल.

दुपारी भाषण होतं. टायने लिहून दिलेला कागद चष्म्याशिवाय दिसेना आणि चष्मा गाडीत राहिला. मग मनाला येईल ते बोललो. म्हणालो, बाळांनो, काम कंटाळवाणं आहे. पहिले कित्येक महिने दुसऱ्याने लिहिलेलंच वाचायचं. पण इथे काही पुसलं जात नाही. ओळ चुकली तरी खोडत नाहीत, तिच्यापुढे चांदणी टाकतात. चांदणी दिसली की यंत्र ती ओळ सोडून पुढे जातं, ओळ मात्र तिथेच राहते. बदल कोणी केला, कोणत्या तारखेला केला, हे प्रोग्रॅमच्या वर लिहिलेलं असतं. तुम्ही गेल्यावरही राहतं. टायचा चेहरा पडला. आठ पोरं उठून कुत्रा बघायला गेली.

एक मुलगी राहिली. ती म्हणाली, "चूक झाली तर कळते कधी?" मी काहीतरी सांगितलं. काय ते आठवत नाही.

तिने फॉर्म भरायला घेतला. एका चौकटीत एक अक्षर, सगळी ठसठशीत, आणि शून्यावर तिरपी रेघ. आपण दोघं काढायचो तशी, 'ओ' अक्षराशी गल्लत होऊ नये म्हणून. मी म्हटलं, अगं, ही रेघ कशाला? तर म्हणाली, "आमच्याकडे अशीच काढतात. बाबा तर किराण्याची यादीसुद्धा चौकटीच्या कागदावर लिहितात." मग मी फॉर्मवर वडिलांचं नाव वाचलं. आणि तिच्या हातात आणखी एक कोरा फॉर्म दिला. ती म्हणाली, "काका, मी भरलाय." माझी ही अशी अवस्था.

तेव्हापासून ती मला काका म्हणते. शिकाऊ म्हणून तिघं घेतली होती. एक तिसऱ्या दिवशी गेला. दुसरा येतो, पण तो अजून मोटारसायकल शोधतोय असं वाटतं. तुझी लेक तेवढी बसते. तीस जूनला कायमच्या नोकरीचा कागद सही करायचा आहे. ती म्हणते, "बाबांनी हो म्हटल्याशिवाय सही नाही." बावीस वर्षांची घोडी, तिला कोण अडवणार? पण तुझीच ना, हट्टी.

तेव्हा दोन ओळी लिही. फोन करणार होतो, पण धीर झाला नाही. जुनं उकरायला हे पत्र नाही. झालं गेलं, कोणाचं काय राहिलं आणि कोणाचं काय चुकलं, आता कोणाला आठवतंय?

वहिनींना सांग, त्यांच्या मुलीचा डबा मी खात नाही, ती जबरदस्तीने वाढते.

तुझा,
टिंगू


ता. २० जून

प्रिय लंबू,

तुझं कार्ड मिळालं. तू बरा आहेस, दुकान बरं चाललंय, वगैरे काही त्यात नव्हतं, तेव्हा ते मीच धरून चालतो.

चार वाक्यं लिहिलीस. "पोरीला तिथे बसवू नकोस. मी एकदा विसरलो आणि चारशे बारा घरांत रडारड झाली. विसरणं रक्तात असेल तर ते तिच्यातही असणार. शिलाई मशीन दुरुस्त करताना काही विसरलं तर फार तर टाका सुटतो."

हे मी सकाळपासून कितीदा वाचलं सांगत नाही. बायकोने विचारलं, कोणाचं काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग चहात मीठ का घातलंत?

अरे, रक्तात काय विसरणं असतं? असं असतं तर माझ्या मुलाने लग्नाचा दिवस विसरायला हवा होता. तू इतकी वर्षं हे मनात धरून बसला असशील असं मला वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं म्हणजे, विचारच केला नव्हता. म्हणजे केला होता. काय लिहितोय मी?

चारशे बारा. आकडा मलाही पाठ आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला पाठवतात, की बाबांनो, आम्ही जिवंत आहोत. त्या वर्षी आपल्या यंत्राने चारशे बारा जिवंत माणसं मेलेली ठरवली आणि त्यांच्या घरी सांत्वनाची पत्रं गेली. ते काठीवाले आजोबा आठवतात? पत्र घेऊन काउंटरवर आले आणि म्हणाले, "मी गेल्याचं कळवलंत, आभारी आहे. पण पुढे काय करायचं ते लिहिलेलं नाही." आपण सगळे हसलो होतो. तू हसला नव्हतास. आणि ती बाई, जिचा नवरा फिरायला गेला होता आणि मागे पत्र आलं. तो परत येईपर्यंत ती जिन्यात बसून होती.

पण मी लिहायला बसलो ते याच्यासाठी नव्हे. आज एक गोष्ट झाली.

आपली पद्धत तुला ठाऊक आहे. नव्या माणसाने पहिले कित्येक महिने काही लिहायचं नाही, फक्त जुने प्रोग्रॅम वाचायचे, पहिल्या ओळीपासून. तुझ्या लेकीला मी हयातीच्या दाखल्याचा प्रोग्रॅम वाचायला दिला. हो, तोच. तुझ्या हातचं इतकं स्वच्छ काम दुसरं कुठलं नाही, म्हणून दिला. बापाचं काम तिने बघावं असं वाटलं. त्यात चांदण्या टाकलेल्या त्या वीस ओळी अजून आहेत, हे माझ्या लक्षात नव्हतं. का होतं? लंबू, देवाशपथ सांगतो, मला माझंच कळत नाही.

जेवणानंतर ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "काका, या वीस ओळींवर बाबांचं नाव आहे आणि तारीख अकरा नोव्हेंबर. त्या दिवशी तर मी जन्मले. आई सांगते, बाबा पहाटेपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्यातल्या बाकावरून हलले नव्हते. मग इथे कोण बसलं होतं?"

मी म्हटलं, तारीख चुकून पडली असेल.

ती म्हणाली, "तारीख माणूस टाकत नाही, यंत्र टाकतं. मंगळवारी तुम्हीच शिकवलंत."

मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा ती जागेवर जाऊन पुढचं पान वाचत होती. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या नावाने त्या दिवशी मी बसलो होतो, हे तुला ठाऊक आहे आणि मला. पासवर्ड तू पहाटे फोनवर दिलास, अर्धं राहिलेलं काम मी पुरं करावं म्हणून. दुसऱ्याला पासवर्ड देणं म्हणजे नोकरीवर पाणी, तरी दिलास, कारण वहिनींना कळा सुरू झाल्या होत्या आणि मुदत दुसऱ्या दिवसाची होती. चौकशीत तू माझं नाव घेतलं नाहीस. म्हणालास, "नाव माझं, चूक माझी. घाईत गेलो, रिकाम्या तारखांचं सांगायचं राहून गेलं." मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. नोकरी तुझी गेली, माझी राहिली.

तिला मी काय सांगू? तूच सांग. म्हणशील, मला काय विचारतोस? तेही खरंच.

मुदत तीसचीच आहे. टाय रोज विचारतो, "सर, ती मुलगी फायनल ना?" त्याच्या तक्त्यात तीन चौकटी आहेत आणि दोन रिकाम्या झाल्यात.

तुझा,
टिंगू


ता. २४ जून

प्रिय लंबू,

हे पत्र पोरीच्या हाती देऊ शकलो असतो, पण टपालाने पाठवतोय. यातलं तिला कळलेलं आहे, तरी तुझ्यापर्यंत ते पाकिटातूनच जावं असं वाटलं. नमस्कार वगैरे राहू दे.

तू विसरला नव्हतास.

एकदा लिहून टाकलं, आता सावकाश सांगतो. तू चिठ्ठी ठेवली होतीस. तुला ती आठवत नाही, कारण वहिनींना घेऊन रिक्षा खाली उभी होती आणि तुझी पायताणंसुद्धा उलटसुलट होती. पण पहाटे दवाखान्यात जाता जाता तू ऑफिसात चढून आलास, चौकटीच्या कागदाचा एक तुकडा फाडलास, दोन ओळी लिहिल्यास आणि माझ्या कीबोर्डला चिकटपट्टीने चिकटवलास. मी सकाळी कामावर आलो तेव्हा तो तिथे होता. "रिकाम्या तारखा बाजूला काढ. मेलेल्यांत घालू नकोस. मी आलो की बघू." शेवटचा शब्द घाईत चौकटीबाहेर गेला होता.

मी ती वाचली. नीट वाचली, लंबू. आणि मनात म्हटलं, हा लंबू म्हणजे उगाच काथ्याकूट करणारा. दाखल्याची तारीख रिकामी कशी असेल? फॉर्म तर सगळे भरलेले येतात. खालच्या मजल्यावर कारकून ते टाइप करतात आणि कधी कधी तारीख टाकायची सोडून देतात, हे तुला माहीत होतं, कारण तू खाली जाऊन त्यांच्याशी बोलायचास. मी कधी गेलो नव्हतो. त्या बाजूला काढायच्या तर आणखी दोन तास गेले असते. मी चिठ्ठी खिशात टाकली आणि काम संपवलं. यंत्राने रिकामी तारीख शून्य म्हणून वाचली, म्हणजे सगळ्यात जुनी, म्हणजे माणूस केव्हाच गेलेला. एवढीच गोष्ट आहे.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मला दवाखान्यात यायची घाई होती, तुझी लेक बघायला. आलोही होतो, साडेपाचला. तू तिला माझ्या हातात दिलंस आणि विचारलंस, "झालं का रे सगळं?" मी म्हटलं, झालं. पण घाई नव्हती ती. आळस होता, आणि थोडी घमेंड. तू मला शिकवतोस, हे मला आवडत नसे. हे घमेंडीचं आज पहिल्यांदाच कोणाला सांगतोय, बायकोलाही माहीत नाही.

चौकशी बसली त्या सकाळी मी चिठ्ठी फाडली. अर्धी आपल्या खोलीतल्या केराच्या टोपलीत टाकली आणि अर्धी खालच्या मजल्यावरच्या. मग आत जाऊन तुझ्या शेजारी बसलो. तू चौकशीच्या तिघा साहेबांच्या तोंडावर म्हणालास की सांगायचं राहून गेलं, आणि माझ्याकडे बघितलंसही नाही. मला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू मला वाचवतोयस. मग वाटलं, नाही, याला खरंच वाटतंय की हा विसरला. दोन्हीतलं कोणतं खरं हे मला बावीस वर्षं कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. म्हणून तर तुझ्याकडे यायचं टाळत गेलो. लोकांना सांगायचो, लंबू माणसांतून उठला. तुझं कार्ड आलं तेव्हा कळलं. तुला खरंच तसं वाटत होतं. आणि आता तू ते पोरीच्या माथी मारायला निघालायस, रक्तातलं म्हणून!

परवा तिला चिठ्ठीचं सगळं सांगितलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, निदान मला चार शिव्या घालेल. तिने एवढंच विचारलं, "बाबांना कोण सांगणार?" मी म्हटलं, मी. तिने प्रोग्रॅमचे कागद आवरले, डबा उचलला आणि पाचच्या आत निघून गेली. काल आली. वेळेवर आली, जागेवर बसली, वाचायला लागली. एका ठिकाणी अडली तेव्हा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, ही ओळ समजत नाही." सर म्हणाली. मी समजावून सांगितली. तिला लगेच कळली. डबा तिने खिडकीपाशी बसून एकटीने खाल्ला.

टायलाही लेखी दिलं. त्याने दोनदा वाचलं, टाय सैल केला आणि म्हणाला, "सर, पण हे माझ्या जन्मा... म्हणजे माझ्या शाळेतल्या वेळचं आहे. याचा फॉर्मच नाही आपल्याकडे." मग विचारलं, "आणि ती मुलगी? ती तरी राहील ना?" मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या पोरालाही काही कळत नव्हतं आणि मलाही. माझं काय करायचं ते वरचे ठरवतील. ठरवू देत.

आता तीस तारखेचं. हो म्हण असं मी सांगणार नाही. तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. तिने सही करावी की नाही, आता ती माझ्यासारख्याच्या खोलीत बसावी की नाही, हे तुम्ही बापलेकींनी ठरवा. मी कॉलेजात उभा राहून पोरांना सांगितलं की या कामात माणसाचं नाव राहतं. ते खरं सांगितलं की खोटं, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. तिला तू दुसरं काही कारण देऊन नको म्हण, माझी ना नाही. माझ्यामुळे नको म्हणालास तर तेही रास्त आहे. पण विसरण्याचं कारण देऊ नकोस. ते खोटं आहे, आणि ते माझं आहे. तू पायताणं उलटी घालून निघाला होतास, बायको खाली कण्हत होती, आणि तरी तू चारशे बारा अनोळखी म्हाताऱ्यांसाठी थांबून दोन ओळी लिहिल्यास. पोरीत तुझं काही उतरलं असेल तर ते हे.

मला माफ कर असं लिहिलं आणि खोडलं. मग वाटलं, खोडायला नको होतं. मला माफ कर, लंबू. नाही केलंस तरी चालेल. चालेल म्हणजे, चालवून घेईन.

उत्तर दिलंस तर मला देऊ नकोस, तिला दे. ती वाट बघतेय.

तुझी चिठ्ठी अकरा नोव्हेंबरलाच मिळालेला,
टिंगू